देवाच्या घरी कोळशाची पाटी

शनिवार, २२ नोव्हेंबर १९५८. सकाळचे सहा वाजून वीस मिनिटे झाली होती आणि दौंडच्या रेल्वे शेडमधल्या कोळशाच्या फलाटावर एलिया पाटोळे उकिडवा बसून हातोड्याने ढेकळे फोडत होता. मालगाडीच्या वाघिणीतून उतरलेल्या कोळशात माणसाच्या डोक्याएवढी ढेकळे असतात. ती मुठीएवढी केली म्हणजे फायरमनच्या फावड्यात मावतात. फलाट उंचावर होता. खाली रुळावर इंजिन उभे राही आणि ठेकेदाराचे हमाल डोक्यावरच्या पाट्या वरूनच इंजिनामागच्या टेंडरमध्ये ओतत. हमाल ठेक्याचे, एलिया रेल्वेचा पक्का खलाशी. हा फरक दौंडात शाळेत न गेलेल्या पोरालाही कळे.

त्या दिवशी त्याचा हातोडा नेहमीसारखा चालत नव्हता. हाती आलेले ढेकूळ तो उजेडाकडे धरून फिरवून पाही. चकाकणारे, चीर न गेलेले एखादे सापडले की ते न फोडता पाठीमागच्या गोणपाटाखाली सरकवी.

पाटी घेऊन जाणारा एक हमाल थबकला. “काय आबा, पोरगी बघाय निघाल्यागत कोळसा बघताय?”

“उद्या सण हाय आमचा. देवाला न्यायचाय.”

“देवाला? कोळसा?”

“मग काय नेऊ? माझ्या शेतात हेच पिकतं.”

हमाल हसत पुढे गेला. एलिया मात्र थट्टा करत नव्हता. उद्या त्यांच्या मंडळीचा कापणीचा सण होता. खेड्यातले ख्रिस्ती शेतकरी त्या दिवशी नव्या पिकातला पहिला वाटा देवळात आणतात. बाजरीची कणसे, भुईमूग, भोपळे, कोंबड्या, गुळाच्या ढेपा वेदीपुढे मांडल्या जातात, प्रार्थना होते, मग तिथेच लिलाव होतो आणि आलेले पैसे मंडळीच्या कामाला लागतात. रेल्वेतल्या लोकांना शेत नाही. ते बाजारातून शेर-दोन शेर बाजरी विकत घेऊन नेत. एलियाला त्याची दरवर्षी लाज वाटे. विकत आणलेले पीक कसले? गेल्या रविवारी नव्या पाळकसाहेबांनी उपदेशात सांगितले, ज्याच्या हाताला जे काम, त्याचे पहिले फळ आणा. सुताराने पाट आणावा, शिंप्याने झबले आणावे. एलियाने त्याच बाकावर बसून ठरवले की आपण कोळसा न्यायचा.

सातच्या सुमारास मुकादम हौसराव फलाटावर आला. ठेकेदाराच्या हमालांवर देखरेख करणारा हा माणूस जवळच्याच वस्तीवरचा, घरी बैलजोडी आणि उसाचे चार वाफे बाळगून असलेला.

“एलिया, जावयाचं काय ठरलं? सोमवारी माझ्याकडं एक जागा हाय. पक्क्या माणसाचा शब्द लागतो, एवढंच. तू व्हय म्हण, मी घेतो.”

“त्याला कोळशाजवळ नको, मुकादम.”

“का रं?”

एलियाने हातोडा खाली ठेवला. “खाणीवरनं काढलाय त्याला. कोळसा चोरला म्हणून.”

हौसरावाने एलियाकडे पाहिले, मग त्याच्या पाठीमागच्या फुगलेल्या गोणपाटाकडे पाहिले, आणि तो इतका हसला की त्याला फेट्याचा शेव तोंडावर धरावा लागला. “कोळसा चोरला! लई मोठा गुन्हा की! बरं बाबा, उद्या सांजंपतुर सांग. न्हाईतर सोमवारी दुसरा घेईन.”

मुकादमाला एवढे हसू कशाचे आले ते एलियाला कळले नाही. त्या वेळी तरी नाही.

शेडमधून घरी कोळसा नेण्याला रेल्वे कॉलनीत चोरी म्हणत नसत. त्याला ‘चुलीपुरतं’ म्हणत. डब्याच्या पिशवीत मावेल आणि पिशवीचे तोंड बांधता येईल एवढा कोळसा, ही मर्यादा होती. फाटकावरचा राखणदार सावळाराम पिशवी उघडून पाहत नसे. तोंड बांधलेले आहे की नाही, एवढेच पाही. ज्याच्या पिशवीचे तोंड उघडे दिसे त्याला तो परत पाठवी, आणि त्या माणसाला चारचौघांत मान खाली घालावी लागे. पहाटे कॉलनीतल्या बायका पेटत्या शेगड्या अंगणात आणून ठेवत, धूर संपला की आत नेत. कॉलनीवर रोज सकाळी जो काळा पट्टा दिसे तो सगळा चुलीपुरताच होता. एलियाच्या पिशवीचे तोंड चौदा वर्षांत एकदाही उघडे दिसले नव्हते, आणि याचा त्याला अभिमान होता.

त्या शनिवारी पाळी संपल्यावर मात्र तो खांद्यावर गोणपाट घेऊन फाटकावर आला. सावळारामने भुवया वर केल्या.

“आबा, हे चुलीपुरतं न्हाई.”

“देवाच्या घरी चाललंय.”

सावळारामच्या नोकरीत हा प्रश्न पूर्वी आलेला नव्हता. “मग जाऊ द्या. माझ्या नावानं बी एक ढेकूळ ठेवा. उद्या येतोच मी लिलावाला, कोंबडा धरायचाय.”

एलियाचा जावई याकोब रणपिसे हा मूळचा इनामगावचा. घोड नदीच्या काठी त्याच्या बापाची चार गुंठे जमीनही नव्हती. दोघे बापलेक दुसऱ्याच्या मळ्यात राबत. एलिया स्वतः शिरूरच्या मिशन कंपाउंडात वाढलेला, त्यामुळे सोयरीक ओळखीतली होती. तीन वर्षांपूर्वी एलियाच्या मुलीचे, दबोराचे, लग्न झाले तेव्हा जेवणाच्या पंगतीत एलियाने जावयाला चार लोकांसमोर सल्ला दिला होता.

“पाव्हणं, नदीकाठी काय वाळू चाळत बसता? चांद्याकडं जा. आमच्या फलाटावर तिकडनं वाघिणी येत्यात, दारावर खडूनं खाणीचं नाव लिवलेलं असतं. हितं दोन वाघिणी कोळसा पडला तर त्याला राखणदार लागतो, तिथं तर जमीन खणली की कोळसा. ज्या गावातनं एवढं धन भाईर जातं, त्या गावात किती ऱ्हात आसंल, हिशेब करा की!”

हा हिशेब एलियाने फलाटावर बसून केला होता. मनमाडच्या पलीकडे तो कधी गेला नव्हता. पंगतीतल्या सगळ्यांना हिशेब पटला. पाळकांना पटला, याकोबच्या बापाला पटला. महिनाभरात याकोब विदर्भातल्या चांद्याजवळच्या एका खाणीवर कामाला लागला आणि पुढच्या वर्षी दबोराला घेऊन गेला.

या दिवाळीच्या आसपास दोघे परत आले. बरोबर एक पत्र्याची पेटी आणि अडीच महिन्यांचे मूल. याकोबने दारातच सांगितले, “मामा, कामावरनं काढलं. कोळसा उचलला म्हणून.” एलियाला आणखी काही ऐकायचे नव्हते. त्या दिवसापासून त्याने जावयाला ‘पाव्हणं’ म्हणणे सोडले. याकोबशी बोलायचे असले तर तो बायकोकडे तोंड करून बोले. “ह्याला म्हणावं, पाणी तापलंय.” “ह्याला म्हणावं, जेवून घे.” शेजाऱ्यांना त्याने जावई सुट्टीवर आल्याचे सांगितले होते. सुट्टी तीन आठवडे लांबली तेव्हा शेजाऱ्यांनी विचारणे बंद केले, आणि ते एलियाला विचारण्यापेक्षा वाईट वाटले.

चांद्याकडची हकिकत याकोब सासूला सांगे. साखरबाई भाकरी थापता थापता ऐके आणि बाहेर ओट्यावर बसलेल्या एलियाच्या कानावर ती पडे. खाणीमुळे तिथला बाजार वाढला होता. दोन हॉटेले झाली होती, घड्याळे दुरुस्त करणारा आला होता, तंबूत सिनेमा लागे. पण बाजारात खरेदीला कोण, तर खाणीवरचे बाबू, ठेकेदार आणि ट्रकवाले. मालक लांबच्या शहरात राही. त्याला याकोबने कधी पाहिले नव्हते. ज्यांच्या शेतात खाण लागली त्यांना पैसे मिळाले होते. कुणी त्यातून लग्ने केली, कुणी सायकल घेतली. दोन पावसाळ्यांत पैसे संपले, शेत तर गेलेलेच होते. आता तेच लोक पाट्या डोक्यावर घेऊन वाघिणी भरत होते.

“म्हंजी आपल्या फलाटावर येतं ते त्यांचं शेतच म्हणा की,” साखरबाई म्हणाली.

बाहेर एलियाने खाकरून घसा साफ केला. आत साखरबाईने भाकरी तव्यावर टाकली.

शनिवारी दुपारी तीनच्या सुमारास एलिया अंगणातल्या नळाखाली कोळसा धूत बसला. गोणपाटातली ढेकळे एकेक करून त्याने नारळाच्या शेंडीने घासली. काळे पाणी शेजारच्या अंगणापर्यंत गेले. मग त्याने ती उन्हात मांडली आणि साखरबाईकडे वाटीत गोडेतेल मागितले.

“कोळशाला तेल? अवं, पोराच्या टाळूला पुरवून घालतीया मी.”

“दे म्हणतो ना.”

दबोरा धुण्याची बादली घेऊन आली. ढेकळांची रांग पाहून ती थांबली.

“आबा, हा कुठनं आणला?”

“कुठनं म्हंजी? फलाटावरनं.”

“इचारून?”

“कुणाला इचारायचं? हितं रीत हाय.”

दबोराने बादली खाली ठेवली. “तुमी एकदा तरी इचारलं का, त्यांनी तिकडं कोळसा का उचलला?”

एलिया घासत राहिला.

“बाळंत हून मला अकरावा दिवस व्हता. पाऊस थांबंना. सरपण ओलं, आन् ते तरी कुठलं? खाणीत छताला टेकू द्याया खांब लागतात, त्यापायी रान तोडून नेलंय. एका मोळीला दिवसाची मजुरी. पक्क्या कामगाराला महिन्याचा कोळसा मिळतो. हे बदलीवाले, रोजंदारीचे, ह्यांना न्हाई. आमच्या खोलीमागनं वाघिणी जायच्या, भरलेल्या, दिसरात. तुमच्याकडंच येत असतील त्यातल्या. ह्यांनी रुळात सांडलेला एक डबाभर येचला, बाळाच्या पाण्याला. राखणदारानं धरलं.”

“धरलं म्हंजी चोरी झाली.”

“आन् हे?”

“खाण निराळी, शेड निराळं. हितं कुणापासनं लपवून न्हाई, समद्यांना ठाऊक हाय. म्हणून ही चोरी न्हवं.”

याकोब मूल खांद्यावर घेऊन दारात उभा होता. तो म्हणाला, “मामा, तेल नका लावू. त्यावर धूळ बसती. कोरड्या फडक्यानं पुसा, आपसूक चकाकतं.”

एलियाने त्याच्याकडे न पाहता साखरबाईला सांगितले, “ह्याला म्हणावं, मला शिकवू नगं.” पण याकोब आत गेल्यावर त्याने तेलाची वाटी बाजूला सारली आणि कोरडे फडके घेतले. ढेकळे खरोखरच आरशासारखी झाली. संध्याकाळी ती नव्या पाटीत रचून त्याने कडेने झेंडू लावला.

रविवारी देऊळ भरले होते. दगडी भिंतींची, पत्र्याच्या छपराची ती लहान इमारत. पावसाळ्यात पत्रा गळे, आणि यंदाच्या लिलावाचे पैसे त्या पत्र्याला जायचे होते. वेदीपुढे उसाची दोन धाटे कमानीसारखी बांधली होती. खाली कणसे, भोपळे, अंडी, पाय बांधलेल्या कोंबड्या, सुताराचा पाट, शिंप्याचे झबले; आणि मधोमध एलियाची पाटी. पाळकसाहेब नगरहून नवे आलेले, जेमतेम तिशीचे. त्यांनी प्रार्थनेत प्रत्येक वस्तूचे नाव घेतले आणि ‘भूमीच्या पोटातले धन’ म्हणून कोळशाचेही घेतले. एलियाने डोळे मिटून घेतले होते.

लिलावाला बाहेरचे लोकही येत. दाराशी हौसराव होता, सावळाराम होता, आणि शेडच्या कचेरीतले एक बाबू बायकोच्या सांगण्यावरून गावठी अंडी घ्यायला आले होते. बोली पुकारायला दावीदमास्तर, प्राथमिक शाळेचे शिक्षक. ते वर्षभर पोरांना गप्प बसवत आणि या एका दिवशी सगळ्यांना हसवत.

“हां, आता बघा आमच्या एलियामामांची शेती!” त्यांनी पाटी उचलून दाखवली. “पेरणी न्हाई, खुरपणी न्हाई, पावसाची वाट न्हाई! बारमाही पीक! बोला!”

“आठ आणे!” कुणीतरी ओरडले.

“आठ आण्यात मामांची आंघोळ तरी होती का? बोला!”

“ह्या शेताला राखणदार हाय का, मास्तर?” हौसरावाने दारातून विचारले.

“मी हाय की!” सावळाराम म्हणाला, आणि देऊळ हसले. बायकांच्या बाजूलाही पदर तोंडाला लागले. एलियाही हसला. बाबू हसले नाहीत. बोली सव्वा रुपयावर गेली, मग दीडवर.

तेव्हा पाळकसाहेबांनी हात वर केला. त्यांचा हेतू चांगला होता. “एक मिनिट, मास्तर. मंडळीतर्फे आभार मानायला हवेत. हा कोळसा रेल्वेने दिला, की एलियाबाबांनी रेल्वेकडून विकत घेतला?”

एका कोंबडीने पंख फडफडवले. सावळारामने नजर छपराकडे नेली आणि तो पत्र्याची भोके मोजत असल्यासारखा उभा राहिला. बाबूंनी मान वळवून एलियाकडे पाहिले. ते शेडच्या कचेरीतले होते. त्यांच्यासमोर ‘चुलीपुरतं’ हा शब्द उच्चारता येत नव्हता. शेडच्या आवारात तो सर्वांना ठाऊक होता, इथे त्याला अर्थच नव्हता.

एलियाने तोंड उघडले. चौदा वर्षांची नोकरी, क्वार्टर, आणि पुढच्या वर्षी त्याला मंडळीचा पंच करायचे चालले होते ते, हे सगळे त्याच्या डोळ्यांपुढून गेले, आणि त्याने तोंड मिटले.

“मी आणला, साहेब.”

मागच्या बाकावरून याकोब उठला होता. “मामांना ठाऊक न्हवतं. त्यांना वाटलं, मी इकत आणला.”

दबोरा मूल घेऊन बाहेर निघून गेली. ती रडत नव्हती. तिने फक्त एकदा बापाकडे पाहिले होते.

बाबू हौसरावाला म्हणाले, “तू काल सांगितलास तो, चांद्याहून काढलेला, हाच ना?” हौसरावाने होकारार्थी मान हलवली. “मग हा माणूस फलाटावर दिसता कामा नये. आणि पाटी आत्ताच्या आत्ता शेडमध्ये परत गेली पाहिजे. सण आहे म्हणून एवढ्यावर सोडतो.”

या वेळी एलियाला बोलता आले असते. त्याने नंतर स्वतःशी बरीच कारणे काढली, पण तोंड उघडायला पुरेसा वेळ होता हे त्याला माहीत होते. याकोबने झेंडू काढून वेदीपाशी ठेवला, पाटी डोक्यावर घेतली आणि तो चालू लागला. अंगात लग्नातला पांढरा सदरा होता. बाजारपेठेतून शेडपर्यंत तो तसाच गेला. मागून सावळाराम, चोर पकडून नेणाऱ्यासारखा चार पावले अंतर ठेवून. फाटकाशी पोचल्यावर सावळाराम हळूच म्हणाला, “पाव्हणं, माफ करा.” याकोबने पाटी ढिगावर ओतली आणि रिकामी पाटी घेऊन परत आला, कारण पाटी घरची होती.

इकडे पाळकसाहेबांनी एलियाच्या खांद्यावर हात ठेवला. “बाबा, वाईट वाटून घेऊ नका. घरातल्या माणसाच्या कृत्याचा दोष तुमच्यावर नाही.” दोन-तीन म्हातारेही जवळ आले. एकजण म्हणाला, “जावई हाय, काय करता? नशीब.” एलियाने सगळ्यांच्या सांत्वनाला मान डोलावली. दावीदमास्तर पुढची वस्तू पुकारत होते, आणि सुताराचा पाट झटक्यात गेला.

दुपारी घरी कुणी जेवले नाही. साखरबाईने ताटे वाढली आणि झाकून ठेवली. मग ती नवऱ्यापुढे येऊन उभी राहिली.

“पंच व्हनार न्हवं का तुमी?”

“गप बस.”

“गपच हाय की. आज समदीच गप व्हती. एक तेवढा बोलला.”

उन्हे कलल्यावर एलिया हौसरावाच्या वस्तीवर गेला. हौसराव बैलांसाठी कडबा तोडत होता. त्याची बायको म्हाळसा गोठ्यात शेण भरत होती. तिने पाव्हण्याला घोंगडे टाकले आणि ती तिथेच कामाला लागली.

“हौसराव, कोळसा मी नेला व्हता.”

विळा थांबला नाही. “मला काय सांगतो? शनवारी तुझ्या बुडाखाली बघितला की मी.”

“मग बोलला का न्हाई?”

“मी? देऊळ तुझं, जावई तुझा, कोळसा तुझा. मी बोलू?”

गोठ्यातून म्हाळसाच्या हसण्याचा आवाज आला. एलियाने घोंगड्याचा काठ मुठीत धरला.

“त्याला घ्या. माझ्या शब्दावर घ्या.”

“काल मी तुझा शब्द मागत व्हतो तवा तू म्हणाला, त्याला कोळशाजवळ नको. आज बाबूबी तेच म्हणला. आता तुझा शब्द घेऊन मी कुठं जाऊ?”

“मी बाबूला सांगतो. उद्याच सांगतो, माझाच दोष म्हणून.”

आता हौसरावाने विळा ठेवला. “एलिया, नीट ऐक. एकट्यात सांगितलं तरी बाबूला ते लिवावं लागंल. तुझी नोकरी गेली. सावळारामची गेली. परवापासनं फाटकावर झडती, आन् कॉलनीत एक शेगडी पेटायची न्हाई. बाबूच्या घरची बी न्हाई, त्याची बायकू कुठनं आणती? तवा सांगू नको.”

एलियाला सुटल्यासारखे वाटले. मग आपल्याला सुटल्यासारखे वाटले हे त्याच्या ध्यानात आले आणि त्याचे कान तापले. तो मनाची तयारी करून आलाच नव्हता. हौसराव ‘नको’ म्हणेल अशा बेताने तो बोलला होता.

हौसरावाने तोडलेला कडबा बैलांपुढे टाकला. शेवटी हौसराव म्हणाला, “फलाटावर न्हाई घेता येत. राखंच्या खड्ड्यात घेतो.”

राखेचा खड्डा फलाटाच्या अलीकडे, रुळांच्या मधोमध होता. इंजिन आले की भट्टीतली जळती आग आणि राख तिथे पाडत. खाली उतरून, पाणी मारून, ती लोखंडी दाताळ्याने ओढून काढायची. वाफेने तोंड भाजे, पाय भाजत. त्या टोळीत माणूस टिकत नसे.

“तिथं बाबू काय म्हणायचा न्हाई,” हौसराव म्हणाला. “राखंत चोरण्यासारखं काय असतं? आन् एक सांगतो, तुझ्या शब्दावर न्हाई घेत. आज भर सभेत सासऱ्याची इज्जत राखली त्यानं, त्यावर घेतो.”

म्हाळसाने चहा आणला. एलियाने तो नको म्हटला नाही; नको म्हणण्याएवढा ताठा त्याच्याजवळ उरला नव्हता.

तो घरी परतला तेव्हा याकोब ओट्यावर मूल मांडीवर घेऊन बसला होता. एलिया त्याच्यासमोर उभा राहिला आणि तीन आठवड्यांत प्रथमच बायकोकडे न वळता बोलला.

“उद्या सहाला कामावर जायचंय, पाव्हणं.”

“फलाटावर?”

“खड्ड्यात. राखंच्या.”

“अगं बाई, जळती राख ती!” साखरबाई दारातून म्हणाली.

“खाणीपरीस बरं, आत्या,” याकोब म्हणाला. “वर आभाळ तरी दिसतं.”

दबोरा आतून आली. “आबा, कुणाच्या शब्दावर घेतलं ह्यांना?”

माझ्या, असे म्हणायला एलियाची जीभ वळली होती. “त्याच्याच,” तो म्हणाला. “मी मुकादमाला सांगितलं, कोळसा मी नेला व्हता.”

“आन् मंडळीत कवा सांगणार?”

एलिया चपला काढण्यात गुंतला. चपलांचे पट्टे साधे होते, त्यांना एवढा वेळ लागायला नको होता. दबोराने याकोबच्या मांडीवरून मूल उचलले आणि ती आत गेली.

जेवणानंतर साखरबाईने सकाळच्या तयारीला दोन डबे घासून पालथे घातले. खुंटीवर एलियाची डब्याची पिशवी होती, तळाशी काळी पडलेली, तोंडाला नाडी असलेली. तिने ती काढली, नवऱ्याकडे पाहिले.

“ही न्यायची का?”

“फडक्यात बांध.”

तिने एक जुने धोतर फाडून त्याचे दोन तुकडे केले आणि ते डब्यांशेजारी ठेवले. पिशवी खुंटीवर परत गेली. कोपऱ्यात शनिवारपूर्वीचा कोळसा अजून दोन दिवस पुरेल एवढा होता.

सोमवारचे पहिले इंजिन मनमाडच्या मालगाडीचे असते. ते सकाळी सहा वाजून पस्तीस मिनिटांनी शेडमध्ये येते. आधी राखेच्या खड्ड्यावर थांबून आग खाली टाकते, आणि खड्ड्यातल्या माणसाने हात वर केल्यावर पुढे एलियाच्या, कोळशाच्या फलाटाला लागते.